एकट्याची हौशी मंडळी

माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, वजनकाट्यांच्या कारखान्यात संगणक सांभाळतात. सांभाळतात हा शब्द मी विचार करून वापरतोय. ते संगणक इतके म्हातारे आहेत की त्यांना सकाळी हळूहळू उठवावं लागतं, दुपारी थोपटावं लागतं आणि संध्याकाळी बंद करताना हे उद्या पुन्हा डोळे उघडतील ना, अशी धाकधूक मनात बाळगावी लागते. कारखान्याचे मालक वजनात रतीभर चूक खपवून घेत नाहीत आणि खर्चात तर गुंजभरही नाही. त्यामुळे सगळ्या यंत्रांवर लिनक्स आहे. लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली फुकट मिळते. तिचे बाकीचे गुण भाऊजी तुम्हाला ताटातलं जेवण थंड होईपर्यंत सांगू शकतील. मालकांना हा एकच गुण ठाऊक आहे आणि त्यांना तो पुरेसा वाटतो.

मी चष्म्यांचं दुकान चालवतो. संगणकातलं मला तितपतच कळतं, जितपत माझ्या गिऱ्हाइकांना डोळ्यातलं कळतं. पण भाऊजींच्या भानगडीत मी इतकी वर्षं श्रोता म्हणून बसलोय की आता मलाही चार शब्द येतात.

तर, प्रोग्राम लिहिणाऱ्या लोकांना लिहायला एक खास पाटी लागते. तिला कोड एडिटर म्हणतात. कंस उघडा राहिला की ती दाखवते, शब्द चुकला की त्याचा रंग बदलते, लांबलचक लिहिण्यात नेमकी जागा शोधून देते. कारखान्यातल्या काट्यांच्या आत एक छोटा प्रोग्राम असतो, तो भाऊजींना अधूनमधून दुरुस्त करावा लागे. त्यासाठी 'छिन्नी' नावाचा एडिटर फार चांगला, असं त्यांनी कुठेतरी वाचलं. छिन्नी बनवणारे लोक कुठेतरी दूर राहत. बाकीच्या प्रणालींवर त्यांची छिन्नी एक बटण दाबलं की यायची. लिनक्सवाल्यांना मात्र त्यांनी नुसता मूळ प्रोग्राम ठेवला होता, कच्चा, जसा लिहिला तसा. म्हणजे गिऱ्हाईक चष्मा मागायला आलं आणि मी त्याच्यासमोर वाळूचं पोतं ठेवलं, वर एक चिठ्ठी: काच वाळूचीच होते, शुभेच्छा.

शहाणा माणूस दुसऱ्या दुकानात गेला असता. भाऊजींनी पोतं उचललं.

काही आठवड्यांत त्यांनी ती छिन्नी आपल्या यंत्रावर चालवून दाखवली. इथे थांबले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि माझ्या ताईचा रक्तदाब आज वेगळा असता. पण त्यांना वाटलं, आपण एवढा खटाटोप केला, तो दुसऱ्याला का करावा लागावा? मग त्यांनी छिन्नीचं पॅकेज बनवलं. पॅकेज म्हणजे बांधून तयार ठेवलेला प्रोग्राम. तो कुठे जाऊन बसेल, त्याला आणखी कोणते प्रोग्राम आधाराला लागतील, काढायचा झाला तर मागे कचरा न ठेवता कसा निघेल, हे सगळं त्यात आधीच लिहून ठेवलेलं असतं. ते त्यांनी सगळ्यांसाठी खुलं केलं, अर्थातच फुकट. लष्कराच्या भाकऱ्या भाजायला माणूस हवाय अशी जाहिरात कुणी दिली नव्हती. भाऊजी स्वतःहून तव्यापाशी जाऊन बसले.

घरी हे समजावून सांगायचा त्यांनी एकदा प्रयत्न केला. आमची आई त्या वेळी ताईकडे राहायला आली होती. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि त्यातला तिला कळलेला एक शब्द उचलला. पुढच्या आठवड्यात सगळ्या नातेवाइकांत बातमी गेली की जावईबापू नोकरी करून शिवाय घरी पॅकिंगचं कामही करतात. "कष्टाळू आहेत हो," आई सांगायची, "पण मिळत काही नाही त्यात." दुसरा भाग निदान खरा होता.

ही बातमी जिन्यावरून खाली गेली. तळमजल्यावरचे शेजारी घर बदलत होते. त्यांनी येऊन विचारलं की पॅकिंगमध्ये आहात तर थोडी खोकी मिळतील का. आता इथे कुणीही सांगितलं असतं, की अहो, माझं पॅकिंग वेगळं. भाऊजींनी मनातल्या मनात तो खुलासा किती लांब होईल याचा अंदाज घेतला आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यातून काट्यांची रिकामी खोकी आणून दिली. तेव्हापासून त्या इमारतीतून जो कोणी जातो तो भाऊजींच्या खोक्यांतून जातो. जगभर त्यांचं पॅकेज वापरणाऱ्यांपैकी एकाने कधी धन्यवाद म्हटलेलं मला माहीत नाही. खोकी नेणाऱ्यांनी मात्र न चुकता म्हटलं.

हळूहळू छिन्नी वापरणारे वाढले आणि तक्रारीही वाढल्या. बारीक अक्षरं मोठ्या पडद्यावर अंधुक दिसत, ती भाऊजींनी धारदार केली. मोठी फाइल उघडली की सगळं गोठायचं, ते सोडवलं. वीज गेली तर जपून न ठेवलेलं लिहिणं परत यावं, अशी सोय केली. ही सगळी कामं मुळात छिन्नीवाल्यांची. भाऊजी त्यांना प्रत्येक दुरुस्ती लिहून पाठवायचे. त्यांच्याकडून उत्तर यायचं की सध्या लिनक्स आमच्या प्राधान्यात नाही. लोक मात्र भाऊजींना असं लिहायचे, जणू यांचा पगार त्यांच्या खिशातून जातोय. त्यांत एक जण विशेष होता. त्याच्या नावाच्या जागी कासवाचं चित्र होतं, म्हणून घरात त्याला कासव म्हणत. प्रत्येक नव्या आवृत्तीनंतर कासवाचं पत्र यायचं आणि त्याचं शेवटचं वाक्य ठरलेलं असायचं: याआधीचं बरं होतं. याआधीच्या वेळी त्याने काय लिहिलं होतं, ते भाऊजींनी उकरून काढलं. तेव्हाही त्याआधीचं बरं होतं.

आणि चित्राची गंमत. छिन्नीवाल्यांनी लिनक्ससाठी चित्रच दिलं नव्हतं, म्हणून पडद्यावर नुसता करडा चौकोन दिसायचा. माझी भाची तेव्हा प्राथमिक शाळेत होती. तिला भाऊजींनी छिन्नी काढायला सांगितली. तिने आयुष्यात छिन्नी पाहिली नव्हती. बापाच्या घरात पाना-पक्कडसुद्धा नाही. तिने जे काढलं ते स्पष्टपणे दात घासायचा ब्रश होता. भाऊजींनी तोच लावला, कारण पोरीने काढला होता. काही वर्षांनी त्यांनी खरं, सुबक चित्र मिळवून लावलं, तर गहजब झाला. आमचा ब्रश परत द्या म्हणून लोकांनी सह्या गोळा केल्या. अक्षरं धारदार केली तेव्हा एकही सही आली नव्हती.

एव्हाना ताईने या छिन्नीला सवत म्हणायचं ठरवून टाकलं होतं. तिची तक्रार साधी होती. माणूस संध्याकाळी घरी येतो, चहा घेतो, खोलीत जातो आणि जेवायला हाक मारली की "हो, आलोच" म्हणतो. त्या "आलोच" मध्ये भात दोनदा गरम व्हायचा.

खरा प्रसंग माझ्या लग्नात घडला. आदल्याच दिवशी भाऊजींनी नवी आवृत्ती सोडली होती. लग्नाआधी हात मोकळे व्हावेत, हा त्यांचा चांगला हेतू. चांगल्या हेतूने सोडलेल्या आवृत्त्यांनीच जगाचं वाटोळं होतं, असं माझी भाची म्हणते. त्या आवृत्तीत एक चूक राहिली होती. पेन ड्राइव्हवरची फाइल बंद केली की तिच्यावर कोरी फाइल लिहिली जायची. लोकांचं काम पुसलं जात होतं. हॉलमध्ये पाहुणे जमत असताना भाऊजींच्या फोनवर एकामागून एक पत्रं यायला लागली.

मी नवरदेव, मला कुणी काही सांगितलं नाही. फोटो काढायच्या वेळी भाऊजी सापडेनात. ताईचा चेहरा त्या फोटोत अजूनही पाहण्यासारखा आहे. शेवटी मीच शोधायला गेलो, तर हॉलच्या मागे, जिथे जास्तीच्या खुर्च्या रचून ठेवतात त्या खोलीत, ते एका खुर्चीवर लॅपटॉप आणि दुसरीवर स्वतः असे बसलेले. नवा सदरा घामाने पाठीला चिकटलेला. मी म्हटलं, चला, सगळे थांबलेत.

"मी ती आवृत्ती काढून घेतली," ते मान वर न करता म्हणाले. "पण ज्यांनी घेतली त्यांचं गेलंय. एका मुलीचं महिनाभराचं लिहिलेलं गेलं. तिला कसं परत मिळेल ते बघतोय."

मी म्हटलं, भाऊजी, लग्न आहे.

"तू उद्या कुणाला चुकीच्या नंबरचा चष्मा दिलास, आणि तो माणूस जिन्यावरून पडला, तर जेवायला बसशील का?"

धंद्यात चुकीचे नंबर सगळ्यांच्याच हातून जातात आणि सगळेच जेवतात, हे मला ठाऊक होतं. पण त्यांचं तोंड बघून मी एकटाच फोटोला परत गेलो. त्या मुलीचं काम बऱ्याच अंशी परत मिळालं. ज्यांचं मिळालं नाही, त्यांना भाऊजींनी पुढचे कित्येक दिवस एकेकाला वेगळं पत्र लिहून माफी मागितली. लग्नाच्या फोटोत ते नाहीत. ताईने त्यांच्याशी आठवडाभर अबोला धरला आणि त्यांच्या ते उशिरा लक्षात आलं.

असं बरीच वर्षं चाललं. मग एके दिवशी छिन्नीवाल्यांची घोषणा आली. लिनक्ससाठी त्यांची स्वतःची, अधिकृत छिन्नी तयार झाली होती. "लिनक्सच्या वापरकर्त्यांची प्रदीर्घ प्रतीक्षा अखेर संपली," असं सुरुवातीलाच लिहिलं होतं. म्हणजे इतकी वर्षं लोक काय करत होते, तर प्रतीक्षा करत होते. अगदी तळाशी एक ओळ होती: "याआधी काही हौशी मंडळींनी केलेल्या प्रयत्नांबद्दल आम्ही आभारी आहोत."

मंडळी म्हणजे भाऊजी एकटे. आदरार्थी बहुवचन समजायचं.

भाऊजींनी ती ओळ मला वाचून दाखवली, भाचीला दाखवली, आईला फोनवर ऐकवली. आई म्हणाली, आभार मानलेत ना, मग झालं. त्यानंतर त्यांनी ती अधिकृत छिन्नी उतरवून घेतली आणि दार लावून बसले. ती वाईट असेल, अडखळेल, अक्षरं अंधुक दाखवेल, अशी त्यांची मनापासून आशा होती, आणि ती त्यांनी लपवलीही नाही. ताईने मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं, सांत्वनाला. दोन-तीन तासांनी दार उघडलं.

"चांगली आहे रे," ते म्हणाले. "माझ्यापेक्षा चांगली आहे."

मला वाटलं होतं चिडतील, चार शिव्या देतील. तसं काही झालं नाही. चांगल्या कारागिराला चांगलं काम नाकारता येत नाही, हा त्यांचा दोष आहे. त्यांनी आपल्या पॅकेजच्या पानावर दोन ओळी लिहिल्या: आता हे बंद करतो आहे, यापुढे त्यांचं वापरा. त्यावर लोकांनी प्रतिक्रिया दिल्या. एकाने त्या दोन ओळींतली शुद्धलेखनाची चूक दाखवली. दुसऱ्याने विचारलं की ब्रशचं काय.

ताईने त्या रविवारी मला जेवायला बोलावून सांगितलं की आता कसं घर घरासारखं वाटतंय. मी म्हटलं, जरा थांब.

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावतो म्हणतात. भाऊजींनी आधी स्वयंपाकघर घेतलं. सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या लागल्या. जे पदार्थ एकमेकांवर अवलंबून ते शेजारी, या तत्त्वाने चहा, साखर आणि आलं एकत्र आलं, इथपर्यंत ठीक. पण मीठ सगळ्यालाच लागतं, म्हणून मीठ मधोमध ठेवायचं ठरलं, आणि मधोमध म्हणजे ओट्याच्या अशा जागी की दर वेळी त्याला हात लागून सांडायचं. ताईने मीठ हलवलं तर त्यांनी शांतपणे विचारलं, बदल करण्याआधी तपासून पाहिलंस का? भाचीच्या अभ्यासाचं वेळापत्रक झालं. चपला ठेवायच्या क्रमात सुधारणा झाली. एका दुपारी ते माझ्या दुकानात आले, माझ्या फ्रेमांची कपाटं बघून त्यांना वाईट वाटलं, आणि मी बँकेत जाऊन येईपर्यंत त्यांनी सगळ्या फ्रेमा आकाराऐवजी वजनाने लावून ठेवल्या. वजनकाट्यांच्या कारखान्यातला माणूस. गिऱ्हाईक वजनाने चष्मा मागत नाही, हे पटवायला मला संध्याकाळ लागली.

ताई दुकानात आली ती रडवेली होऊन. "घरात एक माणूस होता, तो एका खोलीत असायचा," ती म्हणाली. "आता तो सगळ्या घरात आहे."

तिने मला सांगितलं की तुझ्या ओळखीत कुणी संगणकवाला असेल तर विचार, आणखी एखादा असा प्रोग्राम नाही का, जो लिनक्सवर कुणी बांधून दिलेला नाही. ज्या सवतीच्या नावाने तिने इतकी वर्षं बोटं मोडली, तिची धाकटी बहीण शोधायला ती स्वतः निघाली होती. मी आमच्या बाजारातल्या संगणक दुरुस्तीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, असं फुकट काम करणारा माणूस असेल तर माझ्याकडेच पाठवा.

पण भाऊजींनी आपला मार्ग आपणच शोधला. ते तक्रारी लिहायला लागले. अधिकृत छिन्नीत त्यांना रोज काहीतरी सापडायचं. मेनू दोन टिंबं खाली आहे. फाइल बंद करताना क्षणभर अडखळतं. हे आधीच्या पॅकेजमध्ये नव्हतं. मी एक-दोन पत्रं वाचली. भाचीने तीच वाचून सांगितलं की बाबा कासव झालेत. तिचं म्हणणं त्यांना झोंबलं, पण पत्रं थांबली नाहीत, फक्त भाषा थोडी सभ्य झाली.

छिन्नीवाल्यांनी किती दिवस सहन करावं? त्यांनी शेवटी लिहिलं की तुम्हाला एवढं दिसतंय तर आमच्यातच या, लिनक्सची बाजू बघा. पैसे नाहीत, पण नाव यादीत लागेल. भाऊजींचं नाव यादीत लागलं. घरात त्या दिवशी जो आनंद झाला त्यात ताईचा वाटा सगळ्यात मोठा होता. मीठ पूर्वीच्या जागी गेलं.

आता दर आठवड्याला पडद्यावर बैठक व्हायची. इतकी वर्षं हा माणूस स्वतःच मालक, स्वतःच नोकर आणि स्वतःच शिपाई होता. आता त्याला एक मुख्य मिळाला, वयाने निम्मा आणि उत्साहाने दुप्पट. बैठकीच्या सुरुवातीला प्रत्येकाने या आठवड्यात मला आतून कसं वाटतंय ते सांगायचं असे. बाकीचे मोकळेपणाने सांगायचे. भाऊजी म्हणायचे, "बरा आहे." पुढच्या आठवड्यातही बरेच असायचे. मुख्याने एकदा त्यांना बाजूला घेऊन, म्हणजे वेगळा फोन करून, काळजीने विचारलं की तुम्ही मन मोकळं करत नाही का. ताई दारात उभी होती. ती म्हणाली, लग्नाला इतकी वर्षं झाली, मलाही अजून "बरा आहे"च्या पुढचं काही कळलेलं नाही, यांना काय कळणार.

पूर्वी ज्या दुरुस्तीला एक संध्याकाळ लागायची, तिच्यावर आता चर्चा व्हायची, चर्चेची टिपणं व्हायची, टिपणांवर प्रतिक्रिया यायच्या. भाऊजी हे सगळं निमूटपणे करत होते. मला वाटतं त्यांना ते आवडतही होतं, थोडंसं. चार लोक त्यांचं नाव घेऊन बोलत होते. हौशी मंडळींतून ते मंडळींत आले होते.

मग एका बैठकीत मुख्याने जाहीर केलं की पुढच्या आवृत्तीपासून जुन्या संगणकांवर छिन्नी चालणार नाही. जुन्या यंत्रांसाठी वेगळं बांधत बसायला वेळ जातो, आणि ती वापरणाऱ्यांची संख्या नगण्य आहे.

भाऊजींनी विचारलं की ही संख्या मोजली कशी. मुख्याने सांगितलं की छिन्नीतच एक मोजणी करणारा भाग आहे, तो कळवतो. भाऊजी म्हणाले की तो भाग जुन्या यंत्रांवर चालतच नाही. त्यामुळे तो मोजतो त्यात जुनी यंत्रं येणारच नाहीत. मग मुख्य म्हणाला, मुद्दा चांगला आहे, आपण नोंदवून ठेवू. मतदान झालं. मुद्दा नोंदवलेला राहिला आणि जुनी यंत्रं गेली.

भाऊजींनी आणखी दोन बैठका "बरा आहे" म्हटलं आणि तिसऱ्यात आपण थांबत असल्याचं सांगितलं. कुणी भांडलं नाही. मुख्याने त्यांच्या योगदानाबद्दल मनापासून चार वाक्यं बोलून दाखवली, ती भाऊजींना आवडली. हे मला नंतर ताईने सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज घाबरा होता. तिला पुन्हा डबे दिसत होते.

मी त्या संध्याकाळी गेलो. भाऊजी खिडकीशी बसले होते, लॅपटॉप बंद. कारखान्यातल्या त्यांच्या म्हाताऱ्या यंत्रांवरही नवी छिन्नी येणार नव्हती, पण त्याचं त्यांना फार वाटत नव्हतं. तिथे जुनी चालवली असती. "मी उगाच बंद केलं आपलं," ते म्हणाले. "त्यांची चांगली होती, हे खरं. पण कोणासाठी चांगली, ते मी विचारलं नाही." मी चहा पिऊन परत आलो.

आणि मग कासवाचं पत्र आलं. ते भाऊजींनी मला फोनवर वाचून दाखवलं, कारण त्यात प्रथमच शिवी नव्हती. नवी छिन्नी माझ्याकडे उघडत नाही, जुनं पॅकेज तुम्ही काढून टाकलंत, आता मी काय करू, एवढंच. भाऊजींनी पहिल्यांदाच विचारलं की तुम्ही करता काय. उत्तर आलं. कासव ही एक बाई होती, भरतकामाचं दुकान चालवणारी. शाळांचे बिल्ले, कामगारांच्या सदऱ्यांवरची नावं, असलं काम. तिच्या शिवणयंत्राला संगणक जोडलेला होता आणि प्रत्येक टाका कुठे पडायचा ते ती छिन्नीत लिहायची. यंत्र जुनं, संगणक त्याहून जुना, आणि यंत्राची कंपनी केव्हाच बुडालेली. संगणक बदलला तर यंत्र त्याच्याशी बोलत नव्हतं. प्रत्येक आवृत्तीत काही हललं की तिचे टाके लिहायचा वेग मंदावायचा, म्हणून ती रागवायची. पत्राच्या शेवटी तिने एक अक्षरही न बदलता लिहिलं होतं की याआधीचं बरं होतं, आणि भाऊजी म्हणाले, "या खेपेला बाईचं बरोबर आहे."

त्यांनी पुन्हा वाळूचं पोतं उचललं. नव्या छिन्नीतलं जे चांगलं होतं ते घेतलं, मोजणीचा भाग काढून टाकला, आणि जुन्या यंत्रांसाठी वेगळं पॅकेज बांधलं. पूर्वी हजारो लोक वापरायचे, आता मूठभर. या मूठभरांत कुणाच्या यंत्रावर पॅकेज चालत नाही आणि का, हे ते आता आधी विचारतात. भरतकामवाल्या बाईला त्यांनी पॅकेज पाठवलं. आभार आले नाहीत. दुसऱ्या दिवशी तक्रार आली, चांगली लांबलचक. भाऊजींनी ती जेवताना सगळ्यांना वाचून दाखवली आणि एक वाढीव घास खाल्ला.

कारखान्याच्या मालकांना मात्र याचा फायदा लगेच कळला. नवीन छिन्नी जुन्या संगणकांवर चालते, म्हणजे जुने संगणक अजून उत्तम आहेत, असा त्यांनी निष्कर्ष काढला. भाऊजींनी कितीतरी वर्षांपूर्वी मागितलेले नवे संगणक त्यांनी त्याच दिवशी नामंजूर केले. "तुमच्यामुळेच शक्य झालं," असं पाठीवर थाप मारून म्हणालेही.

मागच्या रविवारी दुपारी मी ताईकडे गेलो होतो. भाची परीक्षेच्या अभ्यासाला बसली होती, म्हणजे पुस्तक उघडं आणि स्वतः फोनवर. खोलीत भाऊजी लॅपटॉपसमोर बसले होते. ताई फरशी पुसत पुसत तिथपर्यंत आली आणि म्हणाली, "अहो, पाय."

त्यांनी पाय वर उचलले. मान नाही, डोळे नाहीत, फक्त पाय. तिने खालून फडकं फिरवलं आणि पुढे गेली. पाय तसेच हवेत राहिले.

"टेकवा आता," ती पलीकडून म्हणाली. मग माझ्याकडे वळून, हात पुसत, जरा हळू आवाजात म्हणाली, "दुसऱ्यांच्या नवऱ्यांची तऱ्हा कशी असेल कुणास ठाऊक. हा माणूस निदान कुठे बसलाय ते कळतं."

चहा टाकते म्हणून ती आत गेली. भाऊजींनी पाय टेकवले, पण ओल्या फरशीवर.